परसातल्या कोंबड्यांची घुरघुर : वाचकांची प्रश्नोत्तरे

दिवाळी सरून रात्री गारठा पडू लागला की प्रश्नांचा ढीग येतो आणि त्यातले बहुतेक एकाच वाक्याचे असतात : ‘कोंबड्या घुरघुरायल्यात, औषध सांगा.’ कोंबड्या किती, वय काय, लस झाली का, मेल्या किती, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. घुरघुर पाच-सहा आजारांत येते. त्यातल्या काहींना औषध आहे, काहींना जगात कुठेच औषध नाही आणि एका आजारात औषधाआधी सरकारी दवाखान्याला कळवावं लागतं. म्हणून पुन्हा एकदा उत्तरं देतोय. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : वीस गावरान कोंबड्या आहेत. दिवसा चांगल्या चरतात, पण चार रोजांपासून रात्री खुराड्यातून घुरघुर ऐकू यायली. दोन-तीन शिंकायल्यात. मेली एकही नाही. कोणतं औषध आणू? – एक वाचक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

लगेच काही आणू नका, आधी नीट बघा. रात्री सगळ्या बसल्या की दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटं उभे राहा आणि आवाज किती जणींचा येतो ते ओळखा. सकाळी सोडण्याआधी एकेक कोंबडी हातात घ्या. नाकपुड्यांच्या वर अंगठ्याने हलकंसं दाबा. काय निघतं? पाण्यासारखं की चिकट? त्याला घाण वास आहे का? डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का? डोळ्याखाली फुगलंय का? मग विष्ठा बघा : हिरवी, पातळ आहे का? एखादीचा पंख लोंबतोय का, मान वळतेय का? अंडी कमी झाली का, कवच सुरकुतलेलं किंवा पातळ येतंय का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे हळूहळू पसरतंय, खाणं चालू आहे, मरतूक नाही, एवढ्यावरून सीआरडीची दाट शंका येते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा हा जुनाट श्वसनरोग आहे. डोळ्यात फेस, रात्रीची घुरघुर, वजन उतरणं, असं महिनोन् महिने चालतं. तीन-चार दिवसांत अर्ध्या कोंबड्यांची तोंडं सुजली आणि नाकाला घाण वास आला तर कोरायझा, म्हणजे जिवाणूची झपाट्याने पसरणारी सर्दी समजावी. अंडी एकदम कमी झाली, कवच वेडंवाकडं आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा आला तर ब्राँकायटिस, हा विषाणूचा श्वसनरोग. मान ताणून, मोठा आवाज करत श्वास घेतायत आणि खोकताना रक्ताचा शेंबूड उडतोय तर एलटी, म्हणजे लॅरिंगोट्रकायटिस, हाही विषाणूचाच. हिरवी हगवण, लुळेपणा आणि रोजची मरतूक असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. पण हे सगळे ठोकताळे आहेत. दोन आजार एकत्रही असतात आणि परसात ते फार वेळा एकत्रच असतात.

आजारी तीन आजच वेगळ्या करा. दुसरी खोली, दुसरं भांडं, आणि वारा त्यांच्याकडून निरोगी कोंबड्यांकडे वाहणार नाही अशी जागा. दाणा-पाणी आधी निरोगींना, शेवटी आजारींना, मग हातपाय धुवायचे. वर विचारलेल्या सगळ्या गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कागद असला की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. नुसतं ‘घुरघुर’ म्हटलं तर तेही अंदाजानेच औषध देणार.

प्रश्न : कोंबडीची सर्दी लेकरांना लागते का? – ता. परळी, जि. बीड

सीआरडी आणि कोरायझा माणसाला होत नाहीत. मानमोडीच्या विषाणूने किंवा त्याच्या लसीने माणसाचे डोळे दोन-चार दिवस लाल होतात. बर्ड फ्लू मात्र लागू शकतो. म्हणून आजार कळेपर्यंत लेकरांना खुराड्यात सोडू नका.

प्रश्न : पाण्यात हळद, लसूण टाकायलो. शेजारचे म्हणतात तंबाखूचं पाणी पाजा, नाकात गोडं तेल सोडा. कशाने लवकर उतार पडंल? – ता. औसा, जि. लातूर

हळद-लसणाने नुकसान नाही, आजारही जात नाही. जातात ते तीन दिवस, आणि मानमोडीत तीन दिवसांत खुराडं रिकामं होतं.

तंबाखूचं पाणी पाजू नका. निकोटिन हे विष आहे आणि दीड किलोच्या जिवाला ते थोडंही पुष्कळ होतं. तेलाचंही तेच. कोंबडीची चोच उघडून बघा, जिभेच्या मुळाशी एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. आधीच धापणाऱ्या कोंबडीच्या नाकात किंवा चोचीत वरून काही ओतलं की ते थेट त्या फटीत जातं आणि रोगाने मरणार नव्हती ती तेलाने मरते.

प्रश्न : आठ-दहा रोजांखाली आठवडी बाजारातून तीन तलंगा आणल्या. आता जुन्या कोंबड्यांचं तोंड सुजलं, एक डोळा मिटला, नाकातून घाण वास. नव्या तिन्ही मात्र ठणठणीत हायेत. – ता. लोहा, जि. नांदेड

रोग त्या ठणठणीत दिसणाऱ्या तिघींनीच आणला असावा. लक्षणं कोरायझाची आहेत. या रोगातून उठलेली कोंबडी बरी दिसते, पण जिवाणू तिच्या नाकात राहतो आणि ती तो वाटत फिरते. संसर्ग झाल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून तो इतक्या झपाट्याने पसरल्यासारखा वाटतो.

यावर जिवाणूनाशक औषधं आहेत. सल्फा गटातली की दुसरी हे डॉक्टर ठरवतील. अंडी खाण्यात असतील तर ते आधी सांगा, कारण त्यावर औषध बदलतं. तोवर डोळे धुवा : एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. स्वच्छ कापसाच्या बोळ्याने चिकटलेल्या पापण्या भिजवून सोडवा. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. ओढू नका, टाचणीने फोडू तर मुळीच नका. डोळ्याखाली पिवळा खवा साचून घट्ट झाला असेल तर तो काढणं डॉक्टरांचं काम आहे.

या जिवाणूची एक बाजू तुमच्या फायद्याची आहे. कोंबडीच्या अंगाबाहेर, उन्हात आणि कोरड्यात तो दोन-तीन दिवसही धड टिकत नाही. त्याचं घर कोंबडी आहे, खुराडं नाही.

यापुढे बाजारातून आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी ठेवायची. ‘वेगळी’ म्हणजे त्याच खुराड्यात डालग्याखाली झाकून नव्हे. दुसऱ्या जागी, दुसऱ्या भांड्यात. महिन्याच्या शेवटी आपली एक जुनी कोंबडी तिच्या सोबतीला आठवडाभर ठेवा. ती शिंकली तर उरलेल्या वाचल्या. आणि बाजारात बारा वाजता स्वस्त मिळणारी कोंबडी स्वस्त का झाली, हे घेण्याआधी विचारत जा.

प्रश्न : एप्रिलमध्ये दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, पंख फाकवतात. न्यूमोनिया असंल का? – ता. माजलगाव, जि. बीड

ऊन आहे. ४२ अंशांत कोंबडी दुसरं काय करणार? तिला घाम येत नाही. आवाज नाही, नाक कोरडं, संध्याकाळी आपोआप थांबतं, तर आजार नाही. सावली, दिवसातून तीनदा गार पाणी, पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा पाचट टाका, आणि दाणा सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना द्या. रात्रीही धाप चालू राहिली तर दवाखाना.

प्रश्न : मागच्या महिन्यात लस दिली होती, तरी पंधरा रोजांत वीसपैकी चौदा कोंबड्या मेल्या. हिरवी हगवण, मान वाकडी. लस बोगस येती का? – ता. अंबड, जि. जालना

मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यातून हा प्रश्न येतो आणि दोष दर वेळी लसीच्या माथी मारला जातो. तुमची वीस कोंबड्यांची लस कोणत्या वाटेने आली ते आठवा. सकाळी दुकानातून बाटली घेतली. खिशात किंवा पिशवीत ठेवली. वाटेत दोन कामं उरकली. दुपारी घरी येऊन माठातल्या पाण्यात टाकली. असंच झालं असेल तर तुम्ही कोंबड्यांना लस दिलीच नाही, नुसतं पाणी पाजलं.

मानमोडीला राणीखेत म्हणतात ते उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून; तिथे तो १९२७च्या सुमाराला ओळखला गेला. हा विषाणूचा आजार आहे. लस न झालेल्या कळपात शंभरातल्या नव्वद कोंबड्याही जाऊ शकतात. औषध नाही. असलं तर फक्त लस आहे. आणि ती लस म्हणजे जिवंत, पण निवळलेला विषाणू असतो. तो मेला की बाटलीत काही उरत नाही, आणि मेलाय हे बाटलीकडे बघून कळत नाही. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. म्हणून थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा, नाहीतर जाऊ नका. दुकानदाराचा फ्रिज चालू आहे का, रात्री वीज किती वेळ गेली होती, हे विचारायला लाजू नका. लसीसोबतचं विद्रावक, म्हणजे लस विरघळवायचं पाणी, गार ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात गोठवू नका, बाटली फुटते.

आता वेळापत्रक. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा किंवा एफ-वन ही सौम्य लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटाची दुसरी मात्रा. मग ६ ते ८ आठवड्यांदरम्यान आर-टू-बी, अर्धा मिलिलिटर, कातडीखाली. ही तिसरी लस जहाल आहे. सहा आठवड्यांखालच्या, किंवा आधी लासोटा न झालेल्या पिल्लाला टोचली तर तीच पिल्लाला लुळं करते, मारतेही. ‘मोठी लस एकदाच टोचून टाका’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. थेंबाच्या लसीचा जोर काही महिन्यांतच उतरतो, म्हणून पुढच्या मात्रा कधी हे तुमच्या भागातली साथ बघून दवाखान्यातून ठरवून घ्या. लसीआधी आठ-दहा दिवस जंताचं औषध झालेलं बरं.

थेंब कसा टाकायचा? पहाटे, ऊन चढायच्या आत. विरघळवलेली बाटली बर्फावर, आणि दोन तासांत संपवायची. पिल्लाचं डोकं आडवं धरा म्हणजे एक डोळा वर येतो. ड्रॉपर डोळ्याला न टेकवता थेंब सोडा. आणि मग थांबा. पिल्लाने पापणी मिटून उघडली, थेंब आत गेला, मगच सोडा. घाईत सोडलेलं पिल्लू डोकं झटकतं आणि थेंब तुमच्या सदऱ्यावर पडतो. शंभर पिल्लांत अशी वीस सुटली की तेवढीच रोगाला पुरतात.

पाण्यातून द्यायची असेल तर आणखी भानगडी. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, ती जंतू मारते, आणि लसही जंतूच आहे. विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी घ्या. लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, वीस-तीस मिनिटं थांबा, मग लस घाला. भांडं प्लास्टिकचं, साबणाने न धुतलेलं. त्याआधी कोंबड्यांना तास-दीड तास तहानलेलं ठेवायचं, उन्हाळ्यात त्याहून कमी. आणि सगळं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. परसात हे जमत नाही. निम्म्या कोंबड्या मोरीचं पाणी पिऊन आलेल्या असतात. वीस-पंचवीस कोंबड्यांना थेंबच बरा.

आणखी दोन गोष्टी. आजारी, घुरघुरणाऱ्या कळपाला लासोटा देऊ नका. सीआरडी असलेल्या कोंबड्यांत लसीनंतरची साधी शिंकशिंक उफाळून मोठी होते. आणि लस अंगी लागायला आठवडा ते दोन आठवडे जातात. शेजारच्या आळीत मरतूक सुरू झाल्यावर घाईने टोचलेली लस उशिराची. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्या मरणारच, वर एकच सुई सगळ्यांना टोचली तर ती सुईच रोग फिरवते. तुमच्याकडे बहुधा यातलंच काही झालं. खात्री करायची तर मेलेल्या कोंबडीचं शवविच्छेदन व्हायला हवं होतं. चौदा मेल्या आणि एकही दवाखान्यात गेली नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

‘शंभर मात्रांची बाटली वीस कोंबड्यांसाठी कशाला फोडू’ असंही विचारतात. फोडू नका एकट्याने. आळीतल्या पाच घरांनी एक दिवस ठरवा, दवाखान्यात सांगून ठेवा, पहाटे एका घरून दुसऱ्या घरी थर्मास फिरवा. बचत गटाच्या बायका हे काम उत्तम करतात. फक्त ज्या घरी कोंबडी आजारी आहे ते घर त्या दिवशी वगळा. उरलेली लस ठेवायची नाही, बाटली उकळून पुरून टाकायची.

प्रश्न : थंडी लागू नये म्हणून खुराड्याला चहूकडून पोती बांधली. तरी शिंका थांबंनात. – ता. तुळजापूर, जि. धाराशिव

पोत्यांमुळेच. उद्या पहाटे, खुराडं उघडताच, खाली बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. विष्ठेतून निघतो आणि बंद जागेत जमिनीलगत कोंडतो. आपल्याला वास कळेपर्यंत कोंबडीच्या श्वासनलिकेतले बारीक केस निकामी व्हायला सुरुवात झालेली असते आणि मग कुठलाही जंतू आत शिरतो.

कोंबडीला थंडी सोसते, ओल आणि कोंडलेला वास सोसत नाही. पोतं खालून वर बांधा, बसायच्या दांड्याच्या जरा वरपर्यंत. छपराखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर मोकळं ठेवा. दर कोंबडीला किमान दीड-दोन चौरस फूट जागा, दांड्यावर वीतभर. पत्र्याला पहाटे आतून पाणी सुटत असेल तर हवा खेळत नाही एवढं समजा. तळाची गादी, म्हणजे भुशा-तुसाचा थर, दोन-तीन इंच, कोरडी, आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली रोज काढा. ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची पद्धत आहे, तीही सोडा. चुन्याने त्या क्षणी अमोनिया आणखी सुटतो. चुना टाकायचा तो गादी उचलून, जमीन खरवडून, कोरड्या जमिनीवर.

प्रश्न : पंधरा दिवसांची पिल्लं तोंड वासून श्वास घ्यायलीत, पण आवाज काहीच नाही. सर्दीही नाही. रोज दोन-तीन मरायलीत. खाली सोयाबीनचं भूस टाकलंय. – ता. गंगाखेड, जि. परभणी

भूस पावसात भिजलेलं आहे का? मूठभर घेऊन झटका. धूळ उडाली, कुबट वास आला तर बुरशी. तिचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन बसतात. आवाज न करता धाप लागणं ही तिची खूण. फाडल्यावर फुप्फुसावर पिवळट-पांढऱ्या गाठी दिसतात, त्यासाठी मेलेलं पिल्लू दवाखान्यात न्या. प्रतिजैविकाने हे बरं होत नाही, काही वेळा बिघडतं. आजच सगळं भूस काढा, तोंडाला फडकं बांधून, कारण ती धूळ तुम्हालाही बाधते. खाली कोरडा लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस घाला. काळी पडलेली मका-ज्वारी ‘कोंबड्यांना चालतं’ म्हणून घालू नका. मोरचूद कुणी सुचवलं तर डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय वापरू नका, प्रमाण चुकलं की विष.

प्रश्न : औषध दुकानातून सर्दीची पावडर आणली. दोन रोजांत बरं वाटलं म्हणून बंद केली. पंधरा रोजांनी परत तेच. आता दुकानदार दुसरी भारी बाटली देतो म्हणतो. – ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर

दोन दिवस देऊन बंद केलेलं औषध न दिल्यापेक्षा वाईट. सीआरडीवर टायलोसिनसारखं औषध ठरलेले दिवस, बहुधा पाच, पूर्ण द्यावं लागतं. आणि पूर्ण देऊनही रोगजंतू कळपातून समूळ जात नाही, लक्षणं दबतात इतकंच. गारठा, ओल, लांबचा प्रवास, लस, अंड्याचा ताण, काहीही निमित्त झालं की परत उठतो. खुराडं सुधारल्याशिवाय ‘दुसरी भारी बाटली’ म्हणजे दुकानदाराचीच बरकत.

पाण्यातून औषध देताना हिशेब लागतो. मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. वीस कोंबड्यांना थंडीत पाच लिटर. औषध त्या पाच लिटरात, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, रोज नवं. पण कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या गोठ्यातल्या हौदाचं पाणी पिणार आणि औषध तसंच राहणार. तेवढे दिवस कोंडून ठेवा. सगळ्यात आजारी कोंबडी पाणीही पीत नाही, तिला इंजेक्शन लागतं.

बाटलीवर ‘सात आजारांवर एकच उपाय’ असं छापलेलं असेल तर ती परत करा. लिव्हर टॉनिक आणि ‘ताकदीची’ थैली हे सर्दीचं औषध नाही. आत कोणतं द्रव्य आहे ते वाचा. कोलिस्टिन असेल तर ते खाद्यप्राण्यांत वापरायला २०१९ पासून देशात बंदी आहे. टायामुलिन असेल आणि तुम्ही ब्रॉयलरचं तयार खाद्य घालत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाकणही उघडू नका. त्या खाद्यात बहुधा मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे रक्ती हगवणीवरचं औषध असतं आणि टायामुलिनसोबत त्यातलं एकही पोटात गेलं की कोंबड्या लुळ्या पडून मरतात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकणं मुळात नियमात बसत नाही. पण दुकानदार विकतो आणि आपण घेतो.

प्रश्न : औषध चालू असताना अंडी खावीत का? उबवायला ठेवावीत का? – ता. सेनगाव, जि. हिंगोली

खाऊ नका, विकू नका. औषध बंद झाल्यावर किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं किंवा डॉक्टर सांगतात. सीआरडीच्या कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली तर ठेवूच नका. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात जातो.

प्रश्न : काल तीन आणि आज सात मेल्या. तुरे काळेनिळे, डोकं सुजलेलं, काही तर काहीच लक्षण न दाखवता पडल्या. गावात कावळेही मेलेले दिसले. लोक म्हणतात उरलेल्या सोमवारच्या बाजारात विकून मोकळे व्हा. – ता. उदगीर, जि. लातूर

विकू नका. कापू नका. खाऊ नका. हे वाचून झालं की आधी फोन करा : तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, किंवा १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा मदत क्रमांक. मेलेली कोंबडी पिशवीत घालून स्वतः घेऊन जाऊ नका, ते लोक येतील.

मानमोडीतही असंच दिसू शकतं, खात्री प्रयोगशाळेतच होते. पण कावळे मरतायत म्हटल्यावर बर्ड फ्लू धरूनच चालायचं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लूच निघाला. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच उदगिरात मेलेल्या कावळ्यांत तो सापडला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात.

लोक कळवत नाहीत, कारण कळवलं की सगळ्या कोंबड्या नष्ट करतील अशी भीती असते. हिशेब नीट समजून घ्या. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, पथक यायच्या आधी आपोआप मेलेल्यांची नाही. जितका उशीर तितक्या बिनभरपाईच्या. आणि बाजारात नेलेली एक कोंबडी पाच गावांत रोग नेते. साथीचा आजार लपवणं २००९च्या केंद्रीय कायद्याने गुन्हाही आहे.

पथक येईपर्यंत उरलेल्या कोंडून ठेवा. मेलेल्यांना हात लावायची वेळ आली तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या, नाकातोंडाला फडकं. कुत्री-मांजरं, डुकरं दूर ठेवा. नदीत, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. नमुना घेतल्यावर पथक सांगेल तिथे खोल खड्डा करून चुना टाकून पुरायचं. घरात कुणाला ताप, खोकला आला तर दवाखान्यात ‘कोंबड्या मेल्यात’ हे आधी सांगा.

प्रश्न : बर्ड फ्लू नसंल अशी साधी मरतूक असली तर मेलेली कोंबडी तपासायला कशी न्यायची? – ता. वसमत, जि. हिंगोली

आधी फोन करून विचारा, मग न्या. मेल्यावर दोन-तीन तासांत. दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक, थर्माकोलच्या डब्यात, बाजूने बर्फ. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांत काही वाचता येत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी मेलेली कोंबडी दुपारी निरुपयोगी. जमलं तर सोबत एक जिवंत आजारी कोंबडीही असू द्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तुमचे डॉक्टर गरजेप्रमाणे तिकडे पाठवतील.

प्रश्न : सगळ्या मेल्या. खुराडं किती दिवस रिकामं ठेवायचं? – ता. भूम, जि. धाराशिव

काय आजार होता ते कळल्याशिवाय आकडा सांगणं चूक. कोरायझा किंवा सीआरडी असेल आणि एकही जुनी कोंबडी उरली नसेल, तर गादी जाळून किंवा पुरून, जमीन खरवडून, भिंती चुन्याने रंगवून तीन-चार आठवडे उन्हात उघडं ठेवलेलं पुरतं. मानमोडी असेल तर तेवढंच करा, पण भांडी, डालगी, दांडेही धुऊन वाळवा आणि नवी पिल्लं लस झाल्याशिवाय आत घेऊ नका. बर्ड फ्लू असेल तर पथकाने लेखी परवानगी दिल्यावरच. आणि एखादी आजारातून उठलेली लाडकी कोंबडी ठेवून घेतली असेल तर खुराडं वर्षभर रिकामं ठेवलं तरी उपयोग नाही. ती कोंबडी कशाने आजारी होती ते आधी दवाखान्यात विचारून या.